गंज

उरलेल्या गोळ्या मोजणं, एवढंच माझं काम.
दर चार महिन्यांनी ओइवा सालोरांता यायचा
राउमाच्या दवाखान्यात, बुटांवरचा बर्फ झटकून,
आणि रिकामी पाकिटं टेबलावर मांडायचा
पोराने प्रगतिपुस्तक ठेवावं तशी.
एकही चुकलेली नसायची.
मी म्हणायचे, शाबास.

तीस वर्षं गोदीत जहाजांचा गंज खरवडलेला माणूस.
शरीरही आतून गंजतं, असं डॉक्टर म्हणाले
तेव्हा त्याला पटवावं लागलं नाही.
लोखंड कसं फुगतं, पापुद्रा कसा सुटतो,
वरचा रंग शाबूत असताना खाली काय चाललेलं असतं,
ते उलट त्यानेच आम्हाला ऐकवलं.
"म्हणजे ही गोळी म्हणजे शेंदराचा हात.
गंज काढून झाला की आम्ही तोच मारतो."
सिगारेटचं विचारलं तर खोकत हसायचा.

गोळीत काय आहे ते त्याला ठाऊक नव्हतं,
मलाही नव्हतं. तसा नियमच होता.
पण चौथ्या वर्षी त्याचे तळहात पिवळे पडले,
आणि लेम्पी, त्याची बायको, म्हणाली,
या वयात माझ्या नवऱ्याचं गाजर झालंय.
तिघंही हसलो.
गाजराचीच तर पुंगी होती ती:
वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली.
तिसरंही काही होऊ शकतं
हे कुणाच्या मनात आलं नाही.

मग आकडे आले.
ज्या ओढणाऱ्यांना तो केशरी रंग मिळाला
त्यांच्याच फुफ्फुसांत गाठी जास्त.
ते वाक्य मी तीनदा वाचलं, उभ्यानेच.

नंतर एका तरुण डॉक्टरने समजावलं:
धुरात एकटे पडलेले इलेक्ट्रॉन असतात,
जोडीसाठी दिसेल त्याचं हिसकावतात.
हा रेणू पुढे होतो, आपला देऊन टाकतो,
भांडण मिटतं.
पण जिथे धूर थांबतच नाही
तिथे देणारा कंगाल होतो,
आणि असा कंगाल हात पसरत नाही,
तोही हिसकावू लागतो.
असं असावं, म्हणाला.
"असावं" हा शब्द त्याने फार हळू उच्चारला.

शेंदूर फासला की कशाचाही देव होतो.
फासणाऱ्या हातांत एक माझा होता.

ओइवा मार्चमध्ये गेला, समुद्र अजून गोठलेला असताना.
ऑगस्टमध्ये लेम्पी आली, रानातल्या ब्लूबेरींची बादली घेऊन,
बोटं नखांपर्यंत जांभळी.
हल्ली दुकानात यांची पूड मिळते, म्हणाली,
बरणीवर लिहिलंय, म्हातारपण लांबवते.
आम्ही आपल्या दुधात घालून खाल्ल्या,
जीभ निळी होईस्तोवर.

निघताना दारात थांबली.
"त्याने एकही चुकवली नव्हती ना?"
नाही, मी म्हणाले.
"वाटलंच मला."

ती गेल्यावर बराच वेळ
मी वाडग्यात उरलेल्या बेरी मोजत बसले.
एकोणीस.