अस्तर

क्लासमध्ये सर म्हणाले, हॉटेल समजा.
टेबलं, पंखे, मेनूकार्ड म्हणजे फ्रंटएंड,
भटारखाना म्हणजे बॅकएंड,
आणि मधे पळणारा वेटर, तो एपीआय.
सगळ्यांनी लिहून घेतलं. मीही.
पण मी काही हॉटेलात वाढले नाही.
मी वाढले रास्ता पेठेतल्या एका बोळात,
खटावकर टेलर्सच्या कापायच्या टेबलाखाली,
चिंध्यांत बसून.

रात्री अण्णांनी विचारलं,
ते फुल स्टॅक का काय, म्हणजे नक्की काय?
मी हँगरवरचं एक जाकीट काढलं. उलटं केलं.
हे बाहेरचं कापड, गिऱ्हाईक बघतं ते: एचटीएमएल.
याची चापचोप सीएसएस.
बटण दाबलं की काही घडतं, ते जावास्क्रिप्ट.
आणि हे आत, बकरम, अस्तर, काजामागचा टाका,
हे कुणी बघत नाही,
पण खांदा बसतो तो याच्यावर.
आणि हे सगळं एकच माणूस करतो? अण्णा म्हणाले.
हो.
काजवाले रज्जाकभाई गेल्यापासून मीही करतोच की.
तुमची फी किती म्हणालीस?

स्टॅक निवडायला मला आठवडा लागला.
रिअॅक्ट घेऊ की अँग्युलर,
नोड की जँगो, मोंगो की पोस्टग्रेस,
क्लासमधला प्रत्येक मुलगा दुसऱ्याला वेड्यात काढत होता.
अण्णा सुईत दोरा ओवत म्हणाले,
मशीन कुठलंही घे,
बॉबिन मात्र त्याच मशीनची लाव.
मी वहीच्या पहिल्या पानावर
सरांच्या हॉटेलच्या वर ते लिहिलं.

मग मापांची वही घेतली.
लांबट, लाल कापडी बांधणीची, कडांना खडूची धूळ.
टेबल केलं: नाव, छाती, कंबर, बाही, उंची.
तीनशे बारा माणसं
चार रविवारांत आत गेली.
दुकान अजून लोकलहोस्टवर होतं,
म्हणजे बोळाबाहेर कुणाला दिसत नव्हतं.
तसं ते आधीही दिसत नव्हतंच.
अण्णांची एकच सूचना होती,
दुपारी एक ते चार सर्व्हर बंद ठेवता येतो का बघ.

टेलिफोन खात्यातले मेहेंदळे आले, पँट शिवायला.
टेप कमरेभोवती फिरला. एकतीस.
मी चौतीस खोडून एकतीस केलं. सेव्ह.
अण्णा स्क्रीनकडे बघत राहिले.
चौतीस कुठे गेलं?
गेलं, म्हटलं. अपडेट झालं.
ते वही घेऊन आले. मेहेंदळ्यांचं पान.
अडतीस, त्यावर रेघ. सदतीस, रेघ. चौतीस.
खोडलेलं सगळं वाचता येत होतं.
मेहेंदळे आरशात पाठमोरे उभे होते,
शर्ट खोचत, कुणाशीच न बोलता.
अण्णांनीही काही विचारलं नाही.
फक्त मागच्या शिवणीत दीड इंच जास्त सोडलं.
लागेल कधी, म्हणाले.

त्या रात्री दोनपर्यंत जागले.
मापांचं वेगळं टेबल काढलं, तारखेसकट.
जुनं पुसायचं नाही, खाली नवीन ओळ.
पाच वेळा एरर आली,
सहाव्यांदा एक स्वल्पविराम सापडला
आणि वहीतली अडतीस, सदतीस, चौतीस
एकाखाली एक उभी राहिली.
सरांनी याला काहीतरी नाव सांगितलं होतं.
मला वहीच आठवत होती.

मार्गशीर्षात मेहेंदळे परत आले.
पँट घट्ट होतेय हो, म्हणाले,
तक्रारीच्या सुरात, पण चेहरा वेगळाच.
टेप. साडेबत्तीस.
अण्णांनी मला खुर्चीतून उठवलं,
चष्मा पुसला, एका बोटानं आकडे दाबले,
आणि सेव्ह नीट लागलं नसेल म्हणून
पुन्हा एकदा दाबलं.

ओळी दोन आल्या.
साडेबत्तीस. साडेबत्तीस.
एक काढायला माझं बोट डिलीटवर गेलं होतं.
मागे अण्णा शिवण उसवत होते,
टाका तुटल्याचा बारीक आवाज येत होता.
राहू दिली.