उताराचा हिशेब

फौज अजून पुण्याहून हललीही नव्हती
आणि इकडे सोलापूरच्या कोटात
माझ्या बोटांना लेखणीचे घट्टे पडले होते.
मी गिरमाजी अवधूत, कोठीचा कारकून.
लढाई मी पाहिलेली नाही.
मी तिचं जेवण पाहतो.

तुंगभद्रा इथून किती लांब, ते सरदारांना विचारा,
ते नकाशावर वीत टेकवतात.
मी सांगेन बैलाच्या हिशेबात:
गोणीभर ज्वारी वाहणारा बैल
वाटेत स्वतः किती खातो,
आणि कितव्या मुक्कामानंतर
तो फक्त स्वतःसाठीच चालत असतो.

टाकळीच्या यंकू कोळ्याला तीन पत्रं धाडली.
त्याला वाचता येत नाही,
पण पत्र आलेलं चार लोकांनी पाहिलेलं आवडतं.
भीमेच्या उताराला सोळा होड्या देतो म्हणाला.
वर म्हणाला, "पंत, नदीला मात्र तुम्ही वेगळं लिहा."

सोमला नाईक आला बार्शीच्या वाटेनं,
तांडा मागं ठेवून, एक कुत्रं घेऊन.
सातशे बैल. भाड्यावर अडला नाही, परतीवर अडला.
"जाताना दाणा नेऊ. येताना काय?
मोकळी पाठ जनावराला खाते."
येतानाच्या सुपारीला तीन वर्षं जकात माफ,
मी लिहून दिलं. हात कापला नाही.
माफी माझी नव्हती.

कसब्यात घरटी चाळीस भाकरी लावली.
कडक, उन्हात वाळवलेली, बोटानं टिचकी मारली तर वाजणारी.
दोन महिने टिकते, असं मी वर कळवलं.
चन्नव्वा चळत मोजून देताना म्हणाली,
"नेणारा टिकतो का तेवढा, तेही लिहा."
त्याला रकाना नव्हता.

राहिली डोणीपलीकडची खिंड, जडेप्पा नायकाची.
शेला पाठवला, परत आला.
पागोटं पाठवलं, परत आलं, घडी न मोडता.
मग हुकूम आला, ओलीस मागा.
ओलीस आला तट्टावर बसून,
अकरा वर्षांचा, कमरेला गोफण,
मुदकप्पा, नायकाचा धाकटा.
खंदक बघून पहिल्यांदा विचारलं, मगर आहे का?
नाही म्हटल्यावर कोटाबद्दलचा त्याचा आदर संपला.

दुपारी मी त्याला मोडी शिकवायचो.
तो माझ्या मार्गाच्या यादीवर बोट ठेवायचा:
"इथं नीर इल्ला. माघातच आटते ही विहीर."
मी खोडायचो.
सहा मुक्काम खोडले, पाच नवे घातले.
या मोहिमेत वाट ठाऊक असलेला
तो एकटाच माणूस होता.

वैशाखात चार ओळी आल्या.
फौज मिरजेवरून जाते आहे.
इकडील सरंजाम महकूब करावा.

होड्या मासे धरायला गेल्या.
सोमलानं कागद मुंडाशात खोचला,
"सुपारी घेऊन येईनच कधी तरी," म्हणाला, हसला नाही.
भाकऱ्या कोठीत राहिल्या,
उंदीर रात्रभर त्या वाजवायचे.
पोराबद्दल ओळ नव्हती.

मी विचारलं. महिन्यानं उत्तर आलं:
कोणता मुलगा?

शिल्लक लिहायला बसलो.
ज्वारी इतकी, तेल इतकं, पोती फाटकी इतकी.
खाली जागा उरली, तिथं काय लिहावं
हे कुठल्या दप्तरात सापडलं नाही.
तो दाराशी उभा राहून विचारत होता,
रोजच विचारायचा,
आमचं गाव किती मुक्काम?
ओझं नसलेल्या तट्टाला, मी म्हटलं, पाच.

त्या रात्री दस्तक लिहिलं. उतारावर कोणी अडवू नये.
खाली सही करताना थांबलो.
इतकी वचनं दिली या हातानं,
नाव नेहमी दुसऱ्याचं.
मग माझंच घातलं. शिक्का नाही.

पडशीत भाकऱ्या भरल्या, उंदरांनी सोडलेल्या,
जवसाची चटणी, पाण्याचा चंबू.
पहाटे दिंडी उघडली.
एवढीच रसद त्या साली
या कोटातून दक्षिणेला गेली.