जमेची बाजू

मिलवॉकीत, रेल्वेच्या रुळांपलीकडे,
हॉस्पिटलच्या चादरी धुणारी एक लाँड्री आहे.
जानेवारीत तिच्या काचांना आतून घाम फुटतो,
बाहेरून बर्फ धरतो.
मी तिथं हिशेब लिहिते. अकरा वर्षं झाली.

मालक व्होइचिक थकले.
शिकागोची कंपनी दारात उभी, चेकबुक उघडून.
आम्ही तेवीस माणसं, कंपनीला नऊ पुरतील.
तेव्हा व्हॅन चालवणारा लमाँट प्युरिफॉय
हातातलं सफरचंद अर्धं ठेवून म्हणाला,
"आपणच घेतलं तर?"

कुणी हसलं नाही.

त्या रात्री मला झोप नाही.
सहकार हा शब्द आमच्या घरात ताटाला ताट लावून जेवलेला.
अण्णा इचलकरंजीला विणकर सोसायटीचे सचिव.
गोदामाच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत ब्रीदवाक्य होतं,
त्यातलं पुढचं पावसानं नेलं,
उरलं फक्त: विना सहकार.
चेअरमनच्या गाड्या वाढल्या, सुताची पोती घटली.
शेवटच्या सभेचं इतिवृत्त अण्णांनी सुवाच्य लिहिलं
आणि खालच्या कोऱ्या जागेवर तिरकी रेघ मारली,
मागाहून कुणी काही घुसडू नये म्हणून.

मग आम्ही दारोदार.
चर्चचं तळघर, तिथली पातळ कॉफी.
न्हाव्याचं दुकान, जिथं खुर्चीत बसलेला माणूस
मान हलवू शकत नाही, म्हणून नीट ऐकतो.
"म्हणजे युनियन?" नाही.
"म्हणजे देणगी?" नाही हो.
"मग बॉस कोण?"
याचं उत्तर मी पुठ्ठ्यावर लिहून नेलं होतं,
एक माणूस, एक मत,
आणि वाचताना माझाच आवाज चिरकला.

घड्या घालणारी माय न्हिया वांग उठली.
"मशीन बंद पडलं की आम्ही मालकाला फोन करतो.
मालक मेकॅनिकला करतो.
मधला फोन वाचेल."
एवढंच बोलून बसली.
त्या संध्याकाळी चाळीस सह्या झाल्या.

ओली चादर दोघांनी धरून पिळावी लागते,
असं काहीतरी मलाही सुचलं होतं. बोलले नाही.
आमच्याकडे पिळायला यंत्र आहे,
आणि उपमा तारण ठेवून कर्ज मिळत नाही.

सिटी हॉलमध्ये प्रत्येकाला तीन मिनिटं.
शहरानं कर्जाला जामीन राहावं, एवढंच मागणं.
नगरसेविकेनं चष्म्यावरून पाहिलं. "आणि बुडालं तर?"
कागदावरचं उत्तर मी वाचलं नाही.
म्हटलं, बुडू शकतं. मी एक बुडताना पाहिलंय,
लहान होते, पण घरातच होते.
पाणी कुठून शिरतं ते मला ठाऊक आहे.
जी वही कुणी उघडत नाही, तिथून.
आमची वही दर शुक्रवारी जेवणाच्या टेबलावर असेल,
इंग्रजीत, स्पॅनिशमध्ये, ह्मोंगमध्ये.
लाल दिवा लागला. माझं वाक्य अर्ध्यावर राहिलं.

निर्णय तीन आठवडे पुढे ढकलला.

इस्त्रीवरच्या डोरोतेआनं अजून सही केलेली नाही.
हिश्शाचे दीड हजार डॉलर म्हणजे तिच्या मुलीचे दात.
तिनं एकदा विचारलं, "तुझ्या वडिलांना पैसे परत मिळाले?"
नाही, म्हटलं.
तिनं उशीचा अभ्रा उलटा करून पुन्हा दाबला.

एक हजार तीनशे अठरा सह्या.
कुठं मांडायच्या, जमेला की नावे?
अण्णा असते तर म्हणाले असते, दोन्हीकडे नको,
आधी येऊ दे.
मी पेन्सिलीनं समासात लिहिल्या.

शुक्रवारी वही टेबलावर ठेवली, उघडी.
लोक डब्यांतून खात राहिले, वहीला वळसा घालून.
शेवटी डोरोतेआ आली. हात पुसले.
साबणाच्या आकड्यावर बोट ठेवलं.
"हे एवढं का?"