हनुवटी

लिमातला जुलै. आभाळ म्हणजे
न पिळताच वाळत घातलेलं फडकं.
याला पाऊस म्हणवत नाही, पण चष्मा पुसावा लागतो.

एकोणीस वर्षं गिटारी विकतेय.
बोलणाऱ्याची बोरं विकतात, म्हणून बोलते:
फेंडर घ्या, आवाज धारदार,
गर्दीतून वाट काढत शेवटच्या खुर्चीपर्यंत जातो.
गिब्सन घ्या, जड आहे, खांदा कुरकुरेल,
पण सूर धरला की मुंगळ्यासारखा, तुटेल, सोडणार नाही.
फक्त पाडू नका. पडली की मानेत मोडते.
इबानेझची मान सडपातळ, घाईत असणाऱ्यांसाठी.
आणि यामाहा? यामाहा म्हणजे सरकारी नोकरीतला जावई.
इथे सगळे हसतात.

ती दोघं हसली नाहीत.
योवाना मासळीबाजारातून थेट आलेली, बाहीवर खवले,
पैसे पिशवीत, ती पिशवी आणखी एका पिशवीत.
मागे तिचा बाप, एलेउतेरियो.
टेकडीवरच्या वस्त्यांमधून तीस वर्षं
त्यानं लोकांचे रविवार वाजवले,
बिअरच्या खोक्यांवर फळ्या टाकून केलेल्या मंचावर,
भोंग्यांच्या भिंतीला पाठ लावून.
आता त्याच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून,
ओठ सावकाश हलवत.

मी जावयाचा विनोद सावकाश ओठांनी पुन्हा केला.
त्यानं मान डोलावली आणि अँपची वायर उपसून काढली.

मग खाली वाकला,
गिटारीच्या शिंगाला हनुवटी टेकवली, डोळे मिटले,
आणि लेकीला बोटानं खूण केली: वाजव.

इबानेझ. खांदे उडवले.
यामाहा. बरी, असं तोंड केलं,
शेजाऱ्याच्या घरच्या जेवणाला करतात तसं.
गिब्सन.
तिनं जाड तार एकदाच छेडली
आणि तो तसाच राहिला.
तार थांबली तरी राहिला.
दाढीचे पांढरे खुंट लाल वार्निशवर,
श्वासाचं छोटं धुकं येतंय, जातंय.
योवानानं माझ्याकडे पाहिलं. मी किंमत सांगितली.
तिनं पिशवीतली पिशवी चाचपली,
आणि मला कळलं, ही कर्ज काढेल.
माझं कमिशन मनात बेरीज होऊन बसलंसुद्धा.

राहिली फेंडर. मेक्सिकोत बनलेली, कुणीतरी वापरलेली,
कडेचा रंग कोपराच्या घासण्यानं गेलेला.
तिनं वरच्या पट्टीतली धून वाजवली,
पातळ तारांवरची, पायांना बसू न देणारी.
बाप हनुवटी टेकवून.
चेहऱ्यावर काहीच नाही.
पुन्हा, अशी खूण.
पुन्हा काहीच नाही.

तो सरळ झाला, गुडघे चोळले.
"हीच," म्हणाला, बहिऱ्यांच्या मोठ्या आवाजात.
"पण तुला तर ती दुसरी..." योवानाचे ओठ.
"तिथे मी नसतो नाचायला.
ही मला ऐकूच येत नाही.
माझे कान गेले ते याच आवाजात, पोरी.
मी ओळखतो की."

योवाना काही बोलली नाही.
काउंटरवर नाणी मोजायला लागली,
मध्येच चुकली, पहिल्यापासून मोजली.
नाण्यांना बोंबलासारखा वास होता, की मलाच तसं वाटलं.
मी एक पट्टा फुकट दिला, त्यावर ती म्हणाली,
काळा नको, तो लाल द्या.

बाहेर त्यानं पेटी स्वतः उचलली.
एका मिनीबसवाल्यानं हॉर्न दिला, त्याला कळलं नाही,
तिनं कोपराला धरून त्याला मागे ओढलं.

संध्याकाळी शटर ओढताना दिसलं,
गिब्सनवर हनुवटीचा डाग.
फडकं घेतलं. त्याआधी सहज
त्याच जागी माझी हनुवटी टेकवली, तार छेडली.
दातांत आलं काहीतरी, मग कानामागे,
मग एकोणीस वर्षांत न वापरलेल्या कुठल्यातरी हाडात.

मग डाग पुसला.
विकायची आहे ना.