पिवळा खडू

नऊ वर्षं मी शिरोलीत कास्टिंग नापास करायचे.
पंपाच्या बॉड्या, ब्रेकचे ड्रम, दिवसाला तीनेकशे नग.
आधी हातोडीची टिचकी. खणकन वाजलं तर ठीक,
बद्द वाजलं तर बाजूला.
मग बोट फिरवायचं, आणि जिथं बोट अडखळेल
तिथं पिवळ्या खडूनं गोल.

दुपारी भट्टीवरनं इंगवले मामा यायचे, तोंड काळं,
"काय ओ मॅडम, कुठं गावलं?"
मी गोल दाखवायचे.
ते वाकायचे, गोलात अंगठा घालायचे,
"वाळू वल्ली ऱ्हायली," म्हणायचे,
नाहीतर एक शिवी हासडून, "गेट ल्हान पडलं."
दुसऱ्या दिवशी तो दोष नसायचा.
म्हणजे, बहुतेक वेळा नसायचा.

मग कॅमेरा आला.
तो खडू वापरत नाही.
तिमाही संपायच्या आत इन्स्पेक्शनला आम्ही पाचातला एक उरला,
तो मालकांच्या भावकीतला.

आता राजारामपुरीत, नवव्या गल्लीत,
मोबाईल डाळीच्या डब्याला टेकवून बसते.
एकशे बारा अर्ज.
रेझ्युमे अपलोड करा. केला.
आता तोच रेझ्युमे या चौकोनांत पुन्हा भरा. भरला.
आडनाव शिपुगडे. लाल अक्षरांत: अवैध.
मी रोबोट नाही हे सिद्ध करायला
सिग्नल असलेली चित्रं निवडा म्हणाले,
ती मात्र पहिल्या झटक्यात.
नजर काही गेलेली नाही.

पुण्याच्या एका कंपनीनं मुलाखत घेतली. माणूस नव्हता.
पडद्यावर प्रश्न, कोपऱ्यात उलटे पळणारे नव्वद सेकंद.
मी म्हणाले, वेळेत येतो, ओव्हरटाईमला पण थांबतो.
आमच्याकडं बायका येतो-जातोच म्हणतात.
खाली आपोआप लिहून आलं: उमेदवार, पुरुष.
तेवढ्यात गल्लीतनं आरोळी, "ए भंगाऽऽर!"
तीही लिहून आली,
अनुभवाच्या रकान्यात.
हसू आलं, आणि ते हसतानाच नव्वद सेकंद संपले.

नकार रात्री येतात, अकरा चाळीसला वगैरे.
आपण दाखवलेल्या स्वारस्याबद्दल आभार, दुर्दैवानं, पुढील वाटचालीस.
मी मेल खालीवर करते.
काचेवर बोट फिरवते.
कुठंच अडखळत नाही.
एकदा उलट लिहिलं: साहेब, कुठं गावलं?
ते पत्र तसंच परत आलं.
या पत्त्यावर कुणी उत्तरं वाचत नाही.

परवा गंगावेशीत मामा भेटले,
हातात धारोष्ण दुधाचा ग्लास, मिशीला फेस.
सगळं ऐकून म्हणाले,
"नापास माल कोण टाकून देतंय व्हय? परत भट्टीत जातोय त्यो."
मला ते बरं वाटलं नाही.
मामा, म्हटलं, मी अडतीस वर्षांची आहे,
पाच तारखेला हप्ता आहे,
मला परत वितळायला वेळ नाही.
ते गप्प झाले. मग म्हशीवाल्याला म्हणाले,
"हिला बी एक दे. मोठा ग्लास."
प्यायले. गरम होतं.
उपदेशापेक्षा चांगलं होतं.

घरी येताना झेरॉक्सवाल्याकडनं
माझीच दोन पानं छापून घेतली.
जुन्या पर्सच्या तळाला खडूचा तुकडा अजून होता.
ओट्यावर पानं पसरली, बोट फिरवलं.
"समूहात मिसळून काम करण्याची आवड."
अडखळलं.
मला कधी नव्हती ती आवड. मी आवाज ऐकायचे,
आणि त्यासाठी शेजारचा गप्प असावा लागायचा.
गोल केला.
वर लिहिलं: नुसत्या टिचकीवरनं सांगते, आत पोकळ आहे का ते.

चौकोनात मावलं नाही.
तेरा अक्षरं जास्त.
"नुसत्या" काढलं, "ते" काढलं, तरी सहा उरली,
"वरनं"चं काय करावं यावर
दूध उतू जाईपर्यंत बसले.

एकशे तेरावा गेला.
'पाठवा'च्या बटणावर
बोटाचा पिवळा डाग राहिलाय.