कानातला खडा

घोळीचं डोकं विळीवर उभं चिरलं
आणि आतून खडा काढला,
चिंचोक्याएवढा, पांढरा.
आई म्हणाली, "मांजराक घालूचा सोडून
तां ओढणयेत कित्याक बांधतंस?"

उन्हाळाभर हेच केलं, ट्रोम्सोला.
दहा आठवडे कॉडच्या कानातले खडे:
मधोमध तोडायचे, दिव्याखाली धरायचे,
कडा मोजायच्या. एक काळी कडा, एक हिवाळा.
वाढ थांबते तेव्हा ती पडते, सिग्रीड म्हणाली.
एका चिमट्यात अकरा हिवाळे.

सूर्य मावळत नव्हता.
खिडकीला चादर टाचली, तिच्यावर रेनकोट,
तरी रात्री दोनला उजेड शिवणीतून यायचा
चौकशीला आल्यासारखा.

सिग्रीड मला प्रान्याली म्हणायची.
त्यांच्यात ज चा य होतो.
पाच आठवडे मी प्रान्याली होते.
प्रान्यालीच्या बाबांचा मासळीचा व्यवसाय होता,
दोन ट्रॉलर, बर्फाचा कारखाना.
जेवणाच्या टेबलावर मी तो रोज थोडा वाढवत नेला.

सहाव्या आठवड्यात माझे तीनशे खडे चुकले.
धूसर कडाही हिवाळे म्हणून मोजलेल्या,
मासे उगाच म्हातारे केलेले.
सिग्रीड रागावली नाही.
तिनं फक्त ट्रे परत माझ्यासमोर ठेवला.
मी म्हटलं, चुकलं.
मग म्हटलं, प्रांजली. जीभ टाळ्याला लावून, ज.
मग, तोंड उघडलंच आहे तर,
ट्रॉलर नाहीत आमचे.
तळाशीलला रापण आहे, गाव मिळून ओढतं,
बाबांचा एक वाटा. कधी अर्धा.
"रापण म्हणजे?"
मी टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत
नसलेला दोर ओढून दाखवला.
कुणाचं तरी सूप सांडलं.

"तुमच्याकडे हिवाळाच नाही," ती म्हणाली,
"मग माशांना कडा कशी पडते?"
माहीत नाही, म्हटलं.
हे शब्द मी वर्गात कधी उच्चारले नव्हते.

आता ऑगस्ट संपत आलाय.
काल दोर धरला तर तळवा सोलला, मऊ पडलेला.
बाबा जाळ्यातलं शेवाळ काढत विचारतात,
"थंय काय शिकलंस?"
"खडे मोजूक."
"आणि त्येचे पैशे देत होते?"
हसतात, मग हात पुसून खडा उन्हात धरतात,
एक डोळा मिटून, बराच वेळ.
"किती वर्साची गो ही?"

कडा आहेत, पुसट. एक तेवढी गडद.
उपास, आजार, लांबचा प्रवास, काय असेल ते.
"म्हायत नाय," मी म्हणते.
"आणखी शंभरेक डोकी व्हयी."

आईनं काही न बोलता
विळी माझ्याकडे सरकवली.