डावी बाजू

तीन महिने ऐकूच आलं नाही मला.
चार मागांच्या खोलीत पाळणा होता माझा,
खटखट चालू तोवर झोप,
थांबली की लाइट गेली, आणि मी रडणार.
त्यामुळे इकोच्या पुढच्या चाकात
खट्याक खट्याक सुरू झालं
तेव्हा मला बरंच वाटत असणार.

शेवटी रेवणनं सांगितलं,
अक्कलकोटात लॉजवर गठ्ठे उतरवताना,
"अक्का, तुमची गाडी लंगडतीय की ओ."

लाडलेसाबनं चाक वर घेतलं, दोन्ही हातांनी धरून
वर-खाली हलवलं, मग आडवं,
मग पहार घालून आर्म उचकला.
बुशातलं रबर कडक भाकरीसारखं,
बोट लावलं तिथं तुकडा पडला.
"शॉकर तेल गाळायलाय," म्हणाला,
"दाबला की वर यायचं इसरतो."

माझ्याच टॉवेलांच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं लिहिलं त्यानं:
शॉकर जोडी चव्वेचाळीसशे,
लोअर आर्म दोन सव्वीसशे,
लिंक रॉड हजार, मजुरी दीड,
अलाइनमेंट चारशे, ती दुसऱ्याकडं.
खाली एक रेघ. नऊ हजार नऊशे.
शून्याला शेपूट काढतो तो, त्यामुळे नव्व्याण्णव हजार वाटले क्षणभर.

डझनामागे बावीस रुपये सुटतात मला.
म्हणजे साडेचारशे डझन.
म्हणजे पाच हजार चारशे माणसांनी
पहाटे उठून आंघोळ करून
माझ्या टॉवेलनं अंग पुसायचं,
तेव्हा कुठे एका चाकाची खटखट थांबणार.
आणि त्यातले निम्मे तर
घरून आणलेला पंचाच वापरतात.

"डावंच करा की फक्त. उजवं बरं आहे."
"बरं हाय म्हणूनच," तो म्हणाला,
"नवं वर ढकलतंय, जुनं खाली बसतंय,
गाडी एका अंगाला वडत ऱ्हाती.
जोडीनंच बदलतेत, अक्का."

मग मी विचारलं, डावंच का गेलं आधी?
त्यानं हात पुसले. घाई नव्हती त्याला.
"साइड देताव तुम्ही.
वळसंगच्या पुढं मागनं हॉर्न आला
की तुमचं डावं चाक डांबर सोडतंय.
ईतभर खाली, परत वर.
दिसाला किती बार?"

मी मोजलं नव्हतं.
उसाचे दोन-दोन ट्रेलर, वडापच्या जिपा,
एकदा तर नुसती सायकल होती, घंटी वाजवणारी.
लॉजच्या मॅनेजरनं रंग उतरला म्हणून
वापरलेले दोन डझन परत दिले, ते घेतले.
आणि माग भंगारात गेले त्या साली
अण्णानं कागद पुढं केला,
मी सही करून बाजूला झाले,
तेव्हा तर गाडीसुद्धा नव्हती.

सहा हजार रोख दिले. बाकीचे पौर्णिमेनंतर,
लॉजवाले तेव्हाच पैसे काढतात.
जुने पार्ट पोत्यात घालून मागं ठेवले त्यानं.
ते घरी न्यायचे असतात,
नाहीतर बदललेच नाहीत असं वाटत राहतं.

संध्याकाळी रिकामी गाडी घेऊन निघाले.
इतकी गप्प, की मागच्या पोत्यात
जुने शॉकर एकमेकांना घासताना ऐकू येत होते.
कुंभारी मागे पडली. आरशात दिवे आले,
मग हॉर्न, लांबलचक, शेपटाशी वळवलेला.

मी ठरवलं होतं, खरंच,
या वेळी डांबरावरच राहायचं.
हात आधीच डावीकडं गेलेला.
चाक खाली उतरलं, वर आलं,
ट्रक धूळ टाकून पुढे गेला.

नऊ हजार नऊशे रुपयांत एवढं झालं,
उतरल्याचा आवाज आला नाही.